फोटोतला ट्रॅक्टर, दारातला ट्रॅक्टर

शहादा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात मी सेवा केंद्र चालवतो. सातबारा काढून देणं, पीकविम्याचे अर्ज भरणं, दाखल्यांचे कागद चढवणं ही रोजची कामं. गेल्या काही वर्षांत त्यात एका कामाची भर पडली. माणूस दारात येतो आणि म्हणतो, "भाऊ, आमनं ट्रॅक्टर मोबाइलवर टाकी दे." ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, दुभती म्हैस, विहिरीवरची मोटार, मुलानं वापरलेला फोन, नंदुरबारच्या बाहेरचा प्लॉट, असं काय काय मी या जाहिरातींच्या साइटवर चढवलं आहे आणि तिथून लोकांना घेऊनही दिलं आहे.

ज्यांना या साइटचा राग येतो त्यांचा राग मला पटतो. आमच्याकडे खरेदी-विक्रीची जुनी रीत आहे. सारंगखेड्याला तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या सुमारास, देशभरातून घोडे येतात. तिथं घेणारा घोड्याचे दात बघतो, चालवून बघतो, खूर उचलून बघतो. मध्ये दलाल असतो, बाजूला चार जाणती माणसं असतात, भाव ठरला की इसार दिला जातो आणि पावती फाटते. दलाल आपली दलाली घेतो, पण पुढच्या वर्षी त्याला त्याच मैदानात उभं राहायचं असतं, त्यामुळे त्याला तोंड राखावं लागतं. मोबाइलनं गिऱ्हाईक शंभर पटींनी वाढवलं आणि दलाल, साक्षीदार, पावती ही तिन्ही काढून टाकली. आपली बहुतेक चिडचिड या रिकाम्या जागेतून येते. पुढचे अनुभव ती जागा आपल्या हातानं कशी भरायची याचे आहेत.

१. "आहे का?" विचारणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो

जाहिरात चढली की तासाभरात मेसेज सुरू होतात. "अजून उपलब्ध आहे का?" आपण "हो" म्हणतो आणि पुढं शांतता. हा प्रश्न ॲपनं आधीच लिहून ठेवलेला असतो, समोरच्यानं फक्त बोट लावलेलं असतं. दुसरा ठरलेला मेसेज "लास्ट प्राइस?" वस्तू न बघता शेवटचा भाव विचारणाऱ्याला मी भाव सांगू देत नाही. खऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न वेगळा असतो: "कागद कोणाच्या नावावर आहेत?" किंवा "बघायला कधी येऊ?" हे दोन प्रश्न आले की मी मालकाला फोनवर बसवतो.

सुरुवातीचे बरेच फोन जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांचे असतात. निम्म्या भावात मागणं हा त्यांचा धंदा आहे, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. जाहिरातीसाठी वेगळं सिमकार्ड ठेवलं की घरची बाई-माणसं त्या फोनांतून सुटतात.

२. चांगली वस्तू विकणाऱ्यानं जास्त लिहावं

जाहिरात वाचणारा कोणावरच विश्वास ठेवत नाही. दहांतले चार ट्रॅक्टर खराब निघतात असं त्याला वाटलं, की तो दहाही ट्रॅक्टरांना खराबाचाच भाव देतो. मग ज्यानं वेळच्या वेळी ऑइल बदललं, तो म्हणतो, "एवढ्यात देण्यापेक्षा घरीच ठेवतो," आणि बाजारात खराबच माल उरतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन हेच मांडलं. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हे काम होतं. मला ते वाचताना आमच्या तालुक्यातला एक प्रामाणिक शेतकरी आठवला. त्याचा ट्रॅक्टर खरोखर जपलेला होता आणि प्रत्येक जण त्याच्यावर संशय घेत होता.

त्याच्या जाहिरातीत आम्ही सगळं लिहिलं. कोणत्या वर्षीचा, मीटरवर किती तास, कितवा मालक, कर्ज फिटलं की नाही, विमा कधीपर्यंत, पुढचे टायर कधी बदलले. आणि दोषही: हायड्रॉलिकचं सील गळतं, सीट फाटलंय. सील गळतं त्याचाही फोटो टाकला. फोन कमी आले, पण आले ते बघायला येणाऱ्यांचे आले. दोष आधी सांगितला की घासाघीस त्या दोषापुरती राहते, माणसावर येत नाही. फोटो सकाळच्या उजेडात, धुतलेल्या गाडीचे, पण नंबरप्लेट आणि मीटर दिसेल असे काढावेत. कंपनीच्या पुस्तिकेतला चकचकीत फोटो ज्या जाहिरातीत आहे, ती मी उघडतही नाही.

३. ॲपचं "जवळ" आणि आपलं "जवळ" वेगळं

ॲप सरळ रेषेत अंतर मोजतं. अक्कलकुवा किंवा धडगाव तालुक्यातल्या माणसाला ते नर्मदेपलीकडची म्हैस "जवळच" म्हणून दाखवतं. मध्ये सातपुडा आहे, नदी आहे, सरदार सरोवराचं पाणी आहे, आणि रस्ता लांबून वळसा घालून जातो, हे त्याला कळत नाही. नंदुरबार शहरात बसलेल्याला तर महाराष्ट्रापेक्षा गुजरातचीच जाहिरात जास्त दिसते. सुरत आम्हाला नाशिकपेक्षा जवळ, आणि ताप्ती खोऱ्याची रेल्वे थेट तिथं नेते. माल बघून यायला ते सोयीचं आहे. गाडीच्या कागदांसाठी मात्र राज्य बदललं की सगळंच बदलतं, ते पुढं सांगतो.

४. पैसे घ्यायला पिन लागत नाही

हे वाक्य मी केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं आहे. युपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे आपल्या खात्यात यायचे असतील तर काहीही स्कॅन करायचं नसतं, कुठेही पिन टाकायचा नसतो.

फसवणुकीची चाल ठरलेली आहे. तुम्ही जुना फ्रीज विकायला काढता. फोन येतो, बोलणं आदबीचं, हिंदीत. "मैं फौज में हूँ, अभी पोस्टिंग पर हूँ." गणवेशातला फोटो येतो, ओळखपत्राचा फोटो येतो. भावात घासाघीस नाही. वस्तू बघायचीही नाही, "हमारी गाडी आकर ले जाएगी." मग क्यूआर कोड येतो: "यह स्कॅन कीजिए, पैसा आ जाएगा." आधी खात्री पटावी म्हणून पाच-दहा रुपये खरेच पाठवतात. आपण स्कॅन करतो, पिन टाकतो, आणि आपल्याच खात्यातून पैसे जातात. तक्रार केली की म्हणतो, "चूक झाली, परत पाठवतो, पुन्हा स्कॅन करा." दुसऱ्यांदाही जातात. विकत घेणाऱ्यासाठी हीच चाल उलटी फिरते: बुलेट निम्म्या किमतीत, मालक जवान, बदली झाली म्हणून विकतोय, गाडी लष्कराच्या पार्सलनं येईल, फक्त गेटपासचे पैसे आधी भरा.

आमच्या गावातल्या एका मावशींचे शिलाई मशीन विकताना असेच पैसे गेले. मशीन अजून ओसरीवरच आहे. या प्रकारात मला सर्वांत जास्त संताप येतो तो गणवेशाच्या वापराचा. खेड्यातला माणूस सैनिकावर संशय घेत नाही, आणि त्याचा हा चांगुलपणाच ते लुटतात.

व्यक्तीनं व्यक्तीकडे युपीआयवर पैशाची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे एक वाट बुजली. क्यूआर कोडची वाट आणि "स्क्रीन शेअर करा" ही वाट अजून उघडी आहे. पैसे गेलेच तर रडत बसण्याआधी १९३० हा क्रमांक लावायचा. बँकेच्या दारात रांग लावण्याआधी, नवरा शेतातून येण्याआधी. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उडायच्या आत तो गोठवता आला तरच हाती लागतो. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर त्यानंतर तक्रार नोंदवता येते. मेसेज, नंबर, व्यवहाराचा क्रमांक यांतलं काहीही खोडू नका.

५. जाहिरात आहे म्हणजे मालकी आहे असं नाही

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, कोणीतरी ओएलएक्स या साइटवर सरदार पटेलांचा पुतळा विकायला काढला. स्टॅच्यू ऑफ युनिटी. किंमत ३०,००० कोटी रुपये, कारण रुग्णालयं आणि उपकरणांसाठी सरकारला पैसे हवेत. केवडिया पोलिसांत गुन्हा दाखल झाला. केवडिया आमच्या अक्कलकुव्याला लागून असलेल्या गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात आहे. १८२ मीटर उंचीचा, जगाला माहीत असलेला पुतळा जिथं विक्रीला चढू शकतो, तिथं कोणाच्याही खळ्यातली मळणी यंत्रं चढतील हे गृहीत धरावं.

साइट यावर म्हणते, आम्ही फक्त जागा देतो. कायद्यातही तिला "मध्यस्थ" म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण आहे. या संरक्षणामागे एक जुनं प्रकरण आहे. २००४ साली बाझी डॉट कॉम या लिलावाच्या साइटवर कोणीतरी अश्लील चित्रफीत विक्रीला ठेवली आणि साइटचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. वापरणाऱ्यानं टाकलेल्या मजकुराला साइट किती जबाबदार, यावर देशात मोठी चर्चा झाली आणि पुढं कायदा दुरुस्त झाला. मध्यस्थाला सूट असावी हे मला मान्य आहे, नाहीतर अशी एकही साइट चालणार नाही. पण सूट घेणाऱ्यानं तक्रार तरी ऐकायला हवी. २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक साइटनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत ती निकाली काढायची. हा अधिकारी साइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडतो. "रिपोर्ट" बटण दाबून थांबू नका, त्याच्या नावानं लेखी ईमेल पाठवा.

मालकी आपली आपण तपासायची. गाडीचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाकला की नोंदणी, विमा, कर्जाचा बोजा दिसतो. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की आयएमईआय क्रमांक येतो, तो संचार साथी या सरकारी पोर्टलवर टाकून चोरीचा म्हणून बंद केलाय का ते कळतं. म्हशीच्या कानातला १२ अंकी बिल्ला बघावा. बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री महाराष्ट्रात २०२४ पासून चालत नाही. चोरीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हा आहे, आणि "मला माहीत नव्हतं" हे पोलिसांना पटवताना भाव फार कमी का होता, हा पहिला प्रश्न येतो.

६. चावी दिली म्हणजे गाडी विकली नाही

ज्या अनुभवासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो हा.

दिवाळीनंतर आमच्या डोंगरातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. बारडोली, सुरतच्या बाजूला. उचल आणि मजुरीतून तरुण पोरं तिथं जुनी मोटारसायकल घेतात, बहुतेक फोनवरची जाहिरात बघून. परत येताना गाडी जीजेच्या नंबरची असते आणि सोबत फक्त आरसी बुकाची छायाप्रत. पुढं ती तशीच वर्षानुवर्षं आमच्या एमएच-३९ च्या रस्त्यांवर फिरते.

कायदा असा आहे. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, परराज्यात ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं. घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपल्या नावावर करायचं. नमुना २९ आणि ३० हे त्याचे अर्ज. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, नमुना २८, आधी. कर्जावर घेतलेली असेल तर बोजा उतरवायला नमुना ३५. पोरं म्हणतात, एवढं कोण करतं? पाच-सात हजारांची गाडी, त्यात एजंट दोन हजार मागतो.

पण हे ओझं विकणाऱ्याच्या डोक्यावर जास्त आहे आणि ते त्याला सांगणारं कोणी नसतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. मूळ मालकानं गाडी विकली होती, ती पुढं एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेली होती, मग अपघात झाला. आरटीओच्या नोंदीत नाव मूळ मालकाचंच होतं. न्यायालय म्हणालं, नोंदीत ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे आज पाच हजारांत विकलेल्या मोटारसायकलीमुळे तीन वर्षांनी, तुम्ही कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातून, तुमच्या दारात लाखोंचा दावा येऊ शकतो.

म्हणून मी आता जाहिरातीतच लिहितो: "गाडी नावावर करून घेणाऱ्यालाच देणे." तेवढ्यानं निम्मे फोन बंद होतात. बंद झालेले बरे. सह्या करून कोरे फॉर्म व्यापाऱ्याच्या हाती देणारे लोक मला भेटतात तेव्हा मी त्यांना अडवतो, कधी जरा जोरात बोलतो. खर्च कोण करणार हे भाव ठरतानाच ठरवावं, आणि शेवटचे दोन-तीन हजार नाव बदलल्यावर द्यायचे असं बोलून घ्यावं. खऱ्या माणसाला त्याचं वाईट वाटत नाही.

७. नंदुरबारात जमिनीची जाहिरात वाचण्याची रीत वेगळी

"क्लिअर टायटल, हायवे टच, लगेच ताबा." असल्या जाहिराती शहरातून बघणाऱ्याला भुरळ घालतात, कारण भाव नाशिक-सुरतच्या मानानं फार कमी दिसतो. भाव कमी असण्याचं कारण जाहिरातीत नसतं. २०११ च्या जनगणनेनुसार आमच्या जिल्ह्यात दर शंभरांत ६९ माणसं अनुसूचित जमातींची आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकण्याआधी सरकारी परवानगी लागते. तिच्याशिवायचा व्यवहार टिकत नाही. १९७४ मध्ये आलेल्या या बंधनामागं दारूच्या उधारीत, सावकाराच्या वहीत गेलेल्या शेकडो एकरांचा इतिहास आहे. ते बंधन मला मनापासून योग्य वाटतं.

साठेखत करून, मुखत्यारपत्र करून, नव्याण्णव वर्षांच्या कराराची भाषा बोलून या कायद्याला वळसा घालणारे ऑनलाइन जाहिराती देतात. पैसे घेणाऱ्याचे, नुकसान दोघांचं: ज्यानं दिले त्याचं आणि ज्याची जमीन अडकली त्याचंही. इसार देण्याआधी सातबारा स्वतः महाभूलेखवरून काढा. भोगवटादार वर्ग बघा, इतर हक्काचा रकाना शेवटपर्यंत वाचा, फेरफार मागं नेऊन बघा, आणि तलाठ्याला प्रत्यक्ष भेटा.

८. लिलावात उतरण्याआधी आपला आकडा कागदावर

लोकांकडून बोली लावून घेऊन घरगुती वस्तू विकण्याच्या साइट आपल्याकडे टिकल्या नाहीत. ईबेनं २००४ मध्ये बाझी विकत घेतली, २०१८ मध्ये भारतातला तो कारभार बंद झाला. ऑनलाइन लिलाव आता आमच्यापर्यंत येतात ते बँकांचे: थकलेल्या कर्जाचे ट्रॅक्टर, गाळे, घरं. तिथली चीड वेगळी. बोली शेवटच्या पाच मिनिटांत उडते, कोणी बोललं की वेळ वाढते, आणि माणूस वस्तूपेक्षा समोरच्या अदृश्य बोलीशी भांडू लागतो. मी माणसाला आधी त्याचा शेवटचा आकडा कागदावर लिहायला लावतो, आणि घरच्या कोणाला तरी शेजारी बसवतो.

"जसे आहे, जेथे आहे" हे शब्द वाचून सही करायची असते. थकलेली घरपट्टी, आत राहणारा भाडेकरू, हे सगळं त्यात येतं. वीजबिलही येऊ शकतं. मे २०२३ च्या के. सी. निनान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आधीच्या मालकाची वीज थकबाकी, नियमांत तशी तरतूद असेल तर, लिलावात घेणाऱ्याकडून वसूल करता येते असं म्हटलं आहे. थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखाली मालमत्ता सुटली तर पंचवीस टक्के लगेच, म्हणजे त्याच किंवा पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे. उरलेले ठरल्या मुदतीत जमले नाहीत तर भरलेले जप्त होतात. कर्ज मंजूर व्हायचं बाकी असताना बोली लावू नये.

९. विकलं की जाहिरात काढा

महिनाभरापूर्वी विकलेल्या म्हशीसाठी कोणीतरी तळोद्याहून भाड्यानं गाडी करून येतो. त्याचे पैसे आणि दिवस आपल्या आळसानं जातात.

१०. बघणं उजेडात, देणं चौघांत, लिहिणं दोन प्रतींत

अनोळखी माणसाला मी कधीच मळ्यात बोलावू देत नाही. दिवसा, बाजारपेठेत, बँकेसमोर किंवा पोलीस ठाण्याच्या जवळ. एक जाणता मिस्त्री सोबत, त्याचे दोनशे रुपये वसूल होतातच. पैसे खात्यात आल्याचा मेसेज समोरच्याच्या मोबाइलवर बघू नये, बनावट स्क्रीनशॉट सहज तयार होतो. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसली, की मग चावी.

मग सौदापावती. माझ्या केंद्रात तिचा साधा नमुना तयार ठेवला आहे आणि त्याचे पैसे मी घेत नाही. दोघांची नावं, पत्ते, ओळखपत्राचे शेवटचे चार अंक, गाडीचा चेसिस आणि इंजिन क्रमांक, ठरलेली रक्कम, दिलेली रक्कम, बाकी, नाव बदलायची मुदत, दोन साक्षीदार. साक्षीदारांतला एक विकणाऱ्याच्या गावचा आणि एक घेणाऱ्याच्या गावचा असावा असा माझा आग्रह असतो. तारखेपुढं ताबा दिल्याची वेळही लिहितो. चार वाजता चावी दिली आणि सहा वाजता घाटात गाडी कोणाला लागली, तर त्या दोन तासांत ती कोणाच्या ताब्यात होती, हे पोलिसांना दाखवायला विकणाऱ्याकडे तेवढाच कागद असतो.